गोपिकाबाईंनी जामीन नाकारला

गोपिका हेडाऊ आमच्या समोरच्या खोलीत राहायची. कळमन्याच्या बाजारामागे आमची वस्ती आहे. गल्ली एवढी अरुंद की तिनं फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. मी आटो चालवतो. माझी बायको कांता आणि गोपिका एकाच ठिकाणी कामाला जायच्या, बाजाराजवळच्या एका मोठ्या शेडमध्ये, मिरचीचे देठ खुडायला. या कामानं हातात जी आग भरते ती धुऊन जात नाही. गोपिका घरी आली की आधी गोडंतेल चोळायची, मग बेसनानं हात धुवायची, मग ताकात बुडवून बसायची. एवढं सगळं झाल्यावरच ती पायलला हात लावायची.

पायल तिची एकुलती एक पोरगी. जन्माच्या वेळी गुदमरली, तेव्हापासून तिचं अंग आखडलेलं होतं. बोलता येत नव्हतं, उठता येत नव्हतं, आणि फिट यायची. वीस वर्षांची झाली तरी खाटेवरच. नवरा रायपूरच्या बाजूला ट्रकवर गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. गोपिकानं त्याचा शोध घेतला नाही. पोरगी आवाज ओळखायची, आईची चाहूल लागली की मान वळवून हसायची, आणि गोपिकाला तेवढं पुरत होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गोपिका राग विसरणाऱ्यांतली नव्हती. तिच्या सख्ख्या बहिणीनं पोराच्या लग्नाला बोलावलं आणि वरून सांगितलं, पायलला आणू नको, पाहुण्यांत बरं दिसत नाही. पुढे ती बहीण कॅन्सरनं गेली, तर गोपिका मातीला गेली नाही. कांतानं खूप समजावलं. गोपिका म्हणाली, "थे मेली म्हणून थिनं बोललेलं मरते का वं?"

पायलला सरकारची निराधार पेन्शन होती, महिन्याला दीड हजार. फार नव्हती, पण त्या पैशावर दोन गोष्टी चालायच्या. एक म्हणजे फिटच्या गोळ्या. दुसरी म्हणजे तुळसाबाई. ही आमच्याच गल्लीतली म्हातारी, गोपिका शेडवर असली की दिवसभर पायलजवळ बसायची. तोंड पुसायची, कूस बदलायची, फिट आली तर एका अंगावर धरून ठेवायची.

मग एका महिन्यात पेन्शन आली नाही. दुसऱ्या महिन्यातही आली नाही. गोपिका तहसीलच्या कचेरीत गेली. तिथं विश्वनाथ घाटोळे नावाचे बाबू हे काम पाहायचे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं, "तुमचं नाव कटलं. घरी चौकशीला आलो तेव्हा लाभार्थी पत्त्यावर सापडली नाही."

"सापडली नाही?" गोपिका म्हणाली. "साहेब, जे पोरगी खाटेवरून उठू शकत नाही, थे गेली कुठी?"

घाटोळे म्हणाले, "ते मला काय माहीत? आता नव्यानं अर्ज करा."

आमच्या वस्तीत त्या वर्षी कुणाच्याच घरी चौकशीला कुणी आलं नव्हतं. पुष्कळांची नावं तशीच कटली होती. गोपिकानं नवा अर्ज केला. पुढे ती कितीदा गेली त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण जेव्हा जेव्हा जायची तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडायची. कधी साहेब मीटिंगला असायचे, कधी वेबसाइट बंद असायची, कधी डॉक्टरचं सर्टिफिकेट जुनं झालेलं असायचं. घाटोळ्यांनी पैसे मागितले नाहीत, हे मी खरं सांगतो. मागितले असते तर तिनं कुठूनही आणून दिले असते. त्या माणसाला त्रास नको होता, बस. खुर्चीवरून उठायचा त्रास.

शेवटी ते म्हणाले, "मुलगी जिवंत आहे हे मी कसं मानू? घेऊन या तिला."

एप्रिलचा महिना होता. मी आणि गोपिकानं पायलला आटोत आडवं घातलं, कांता तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी वर गेलो आणि म्हटलं, "साहेब, पोरीले आणलं. जरा खाली चालता का? एक मिनिटाचं काम आहे."

घाटोळे म्हणाले, "माझ्या टेबलावर किती काम आहे, दिसून नाही राहिलं का? वर आणा तिला."

"वर कशी आणू साहेब? आखडलेलं अंग आहे."

"मग मोबाइलवर फोटो काढून आणा."

मी खाली आलो, तोवर आटोत पायलला फिट आली होती. ऊन असं की आटोचा पत्रा पोळत होता. गोपिका तिच्या दातांत पदर कोंबून, तिला कवटाळून ओरडत होती. लोक जमले. वरच्या गॅलरीत घाटोळे येऊन उभे राहिले. हातात चहाचा ग्लास होता. त्यांनी वाकून पाहिलं आणि आत निघून गेले. मी पाहिलं, कांतानं पाहिलं, आणि गोपिकानंही पाहिलं.

पेन्शन सुरू झाली नाहीच, आणि गोळ्या अर्ध्या झाल्या. गोपिका एकेक गोळी सुरीनं मोडून द्यायची. तुळसाबाईचं तरी पोट कसं चालणार? ती एका मंगल कार्यालयात भांडी घासायला जाऊ लागली. मग गोपिका पायलला खाटेवर उशांमध्ये बसवून, दाराला कडी घालून कामावर जायची आणि दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला भरवून जायची.

थंडीच्या दिवसांत अशाच एका दुपारी ती आली, तर पायल खाटेखाली पडलेली होती. फिटमध्ये कधी घरंगळली कुणास ठाऊक. तोंड जमिनीकडे होतं. अंग गार झालं होतं.

मी लोकांचं रडणं खूप ऐकलं आहे. गोपिका रडली नाही. तिनं पाणी तापवून पोरीला आंघोळ घातली, आणि त्या दिवशी ताकात हात बुडवायचे राहून गेले हे लक्षात आल्यावर मात्र ती भिंतीला डोकं आपटू लागली. कांतानं तिला धरलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली, काम केलं, निघताना शेडमधल्या चक्कीपाशी वाकून ओच्यात काहीतरी बांधलं. कांताला वाटलं, घरच्यापुरतं तिखट नेत असेल. गोपिका तिथून थेट कचेरीत गेली. घाटोळ्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, पायल हेडाऊ. तुमी लिहिलं होतं न, घरी सापडली नाही. आता खरंच सापडत नाही."

घाटोळ्यांनी वर पाहिलं आणि तिनं मूठभर तिखट त्यांच्या डोळ्यांत फेकलं.

कचेरीतला शिपाई पुढे सांगायचा की बाबू गुरासारखे ओरडत टेबलाखाली शिरले. गोपिका पळाली नाही. बाकावर जाऊन बसली आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिली. कुणीतरी पाणी दिलं ते प्यायली.

सरकारी माणसावर हल्ला म्हणजे मोठा गुन्हा. तिची रवानगी जेलमध्ये झाली. आत काय झालं ते सगळं तिनंच मला पुढे सांगितलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरनं तपासलं, वजन केलं, रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी चहा-नाश्ता, मग वरण, भात, पोळी, भाजी. कित्येक वर्षांनी ती कुणी वाढलेलं जेवत होती. तिच्या बराकीत कामिनी नावाची एक तरुण पोरगी होती, रामदासपेठेत एका घरी कामाला असताना दागिने चोरले म्हणून आलेली. एका संध्याकाळी कामिनी बोलता बोलता आडवी झाली आणि तिचे डोळे फिरले. गोपिकानं तिला झटकन एका अंगावर घेतलं, मान सांभाळली. नर्स धावत आली. फिट ओसरल्यावर तिनं पाकिटातून गोळी काढून कामिनीला दिली.

गोपिकानं ते पाकीट ओळखलं. तीच गोळी. पायलची.

"सिस्टर, हे गोळी रोज देता का इले?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी."

"अख्खी?"

नर्सला प्रश्न कळला नाही. "अख्खीच देतात बाई. अर्धी कशाला देतील?"

"पैसे कोण देते?"

"सरकार. कैदी मेला तर जबाब द्यावा लागतो आम्हाला."

गोपिका मला म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी माह्या डोक्यात जे पेटलं न, थे तिखट फेकलं तेव्हाबी नव्हतं पेटलं. चोरी केली असती माह्या पोरीनं, तं जगली असती. कैदी मेला तं जबाब द्या लागते. पायल मेली तं कोणाले कोणी इचारलं?"

सरकारनं तिला फुकट वकील दिली होती. वैभवी गजभिये, तरुण, चष्मा लावणारी, बोलायला सरळ. ती हसत हसत भेटायला आली. म्हणाली, "काकू, काम झालं. कोर्ट तुम्हाला तुमच्याच सहीवर सोडायला तयार आहे. पैसे भरायचे नाहीत. फक्त सही करा आणि घरी चला."

"मी सही नाही करत."

"काहून?"

"मले जामीन नको."

वैभवीला वाटलं, बाई दुःखानं भ्रमिष्ट झाली. ती समजावत बसली. गोपिकानं तिला एकच विचारलं, "मले इथं ठेवाचा खर्च सरकारले किती येत असन?"

"मी हिशेब नाही केला. पण जेवण, दवाखाना, पोलीस, तारखेला कोर्टात नेणारी गाडी, सगळं धरलं तर तुमच्या मुलीच्या पेन्शनच्या कितीतरी पट. दहा पटही असेल."

"मंग बसतो मी इथंच," गोपिका म्हणाली. "तिले द्यायले सरकारपाशी पैसे नव्हते न? मले देऊ दे आता. रोज देऊ दे."

वस्तीत ही बातमी आली तेव्हा लोक हसले, कुणी हळहळले. मी कांतासोबत मुलाकातीला गेलो. काचेपलीकडे गोपिका बसली होती. अंगानं जराशी भरली होती, आणि तोंडावर असा काही कडवट आनंद होता की मला तिच्याकडे पाहवेना. मी म्हटलं, "वहिनी, सरकारले काय फरक पडते? तुमचं आयुष्य जाऊन राहिलं."

"कोणतं आयुष्य गा?" तिनं विचारलं.

खटला उभा राहिला. घाटोळे साक्षीला आले, काळा चष्मा लावून. एक डोळा वाचला होता, दुसऱ्यावर पांढरट पडदा आला होता आणि त्यातून सारखं पाणी गळत होतं. त्यांनी जे घडलं ते नीट सांगितलं. मग वैभवी उठली. तिनं तिखटाबद्दल काहीच विचारलं नाही.

"पायल हेडाऊच्या घरी तुम्ही चौकशीला कधी गेला होता?"

"तारीख आठवत नाही."

"घर कोणत्या मजल्यावर आहे?"

"पहिल्या."

कोर्टात मागे बसलेल्या आमच्या वस्तीतल्या लोकांनी गलका केला. आमच्या गल्लीत मजलाच नाही. सगळी पत्र्याची बैठी घरं. जजसाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः विचारलं, "तुम्ही गेला होता की नव्हता?"

घाटोळे खाली मान घालून म्हणाले, "नव्हतो. वरून घाई होती. पूर्ण वस्तीचं टेबलावरच केलं."

चष्मा काढून त्यांनी गळणारा डोळा पुसला. पिंजऱ्यातून गोपिकाचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "रडू नको. माही पोरगी आटोत तडफडून राहिली होती तेव्हा नाही रडला, आता कायले?"

ते डोळ्याचं पाणी होतं, रडणं नव्हतं. कदाचित रडणंही असेल. गोपिकाला त्याच्याशी घेणं नव्हतं.

त्या साक्षीनंतर घाटोळे निलंबित झाले. खात्याची चौकशी लागली. वस्तीतल्या कटलेल्या नावांची पुन्हा तपासणी झाली आणि बऱ्याच जणांची पेन्शन सुरू झाली. बायका गोपिकासाठी चिवडा-लाडू घेऊन जेलच्या दारापर्यंत गेल्या. ते आत जात नाही म्हणून बाहेरच वाटून खाल्लं आणि परत आल्या. कांतानं हे सांगितलं तेव्हा गोपिका म्हणाली, "माह्यासाठी नको म्हणा. मी कोणाच्या पेन्शनीसाठी नव्हतं केलं."

मग एक दिवस घाटोळ्यांची बायको पुष्पलता तिला भेटायला आली. हे लोक प्रताप नगरात राहायचे. नीटनेटकी, हळू बोलणारी बाई. गोपिकासमोर बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "ताई, आम्ही तक्रार मागे घेतो. तुम्ही चौकशीत एवढंच सांगा, की तुमच्या मनात आता काही राहिलं नाही. माफ केलं म्हणा. हे रात्र रात्र झोपत नाहीत. डोळा गेला, इज्जत गेली. अर्ध्या पगारावर घर चालवते मी."

"अर्धा पगार?" गोपिकानं विचारलं. "कामावर नाही न थे?"

"नाही. पण निलंबित माणसाला अर्धा पगार मिळतो. कुटुंब उपाशी मरू नये म्हणून नियमच आहे तसा."

गोपिका म्हणाली, "म्हंजे त्यानं काम नाही केलं तं त्याले घरी बसवून सरकार खाऊ घालते. मी त्याचा डोळा फोडला तं मले जेलात बसवून खाऊ घालते. आमी दोघंही गुन्हेगार, दोघांलेबी नियम हाय. अन् जिनं कोणाचं काही केलं नव्हतं, जिले माशी हाकलता येत नव्हती, तिच्यासाठी नियम नव्हता का वं बाई?"

पुष्पलता पदरानं तोंड झाकून उठली. दारापाशी वळून म्हणाली, "मलाही लेकरं आहेत हो."

"सांभाळ," गोपिका म्हणाली. "मी तुले शाप नाही देत. पण माफ बी नाही करत. सांग त्याले जाऊन."

निकालाच्या दिवशी जजसाहेबांनी तिला दोषी ठरवलं. म्हणाले, गुन्हा झाला आहे, एका माणसाच्या एका डोळ्याची नजर गेली आहे, कोर्ट त्याकडे डोळेझाक करू शकत नाही. पण जेवढी शिक्षा द्यायची तेवढी आरोपीनं आधीच भोगली आहे, म्हणून तिला सोडावं. वैभवीनं आनंदानं तिचा हात धरला. गोपिकानं तो सोडवून घेतला.

"साहेब, अजून ठेवा मले."

जजसाहेब म्हणाले, "का ठेवू? कायदा तेवढंच सांगतो."

"माहा हिशेब नाही फिटला."

"तो फिटवण्याचं काम जेलचं नाही, बाई," ते म्हणाले, आणि पुढची फाइल घेतली.

मी तिला आटोतून घरी आणलं. खोलीचं भाडं थकल्यानं मालकानं ती दुसऱ्याला दिली होती. कांतानं तिचं सामान आमच्याकडे आणून ठेवलं होतं, खाटेसकट. गोपिका आमच्याच ओट्यावर पडदा लावून राहू लागली आणि पुन्हा शेडवर जायला लागली. जेलमधली पोट भरलेली बाई थोड्याच महिन्यांत पहिल्यासारखी वाळली.

तेवढ्यात कळलं, घाटोळ्यांची चौकशी संपली. एक वेतनवाढ बंद आणि शहरातल्याच दुसऱ्या एका कचेरीत बदली. टेबल तेच, निराधार पेन्शनचं. मला हे गोपिकाला सांगायची भीती वाटली. पण वस्तीत काय लपतं? तिनं ऐकलं, जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं आणि विचारलं, "भाऊ, थे नवी कचेरी कुठी हाय?"

मी हात जोडले. "वहिनी, पुन्हा तसं काही करू नका."

"नाही करत. दुसरा डोळा फोडला तं त्याले माहं तोंड कसं दिसन?"

शेडला सोमवारी सुट्टी असते. त्या सोमवारी ती गेली आणि घाटोळ्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. कचेरी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. काही बोलली नाही, काही मागितलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा. शिपायानं हटकलं तर म्हणाली, बसायले बंदी हाय का? पोलिसाला बोलावलं. त्यानं पाहिलं, एक म्हातारी होत चाललेली बाई शांत बसली आहे, हातात पिशवीसुद्धा नाही. तो काय करणार? त्यानं झडती घेतली आणि निघून गेला.

एकदा घाटोळे उठून तिच्याजवळ आले. सगळी कचेरी थांबली. ते म्हणाले, "बाई, मी चुकलो. तुमच्या पाया पडू का?"

"नका पडू. लोकं थांबले हायेत. तुमी काम करा."

त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. तिनं चहा घेतला, ग्लास बाकाखाली ठेवला आणि बसून राहिली.

त्या कचेरीत जाणारे आटोवाले मला सांगतात, घाटोळे आता फार वक्तशीर झाले आहेत. कुणी लंगडा, आंधळा खाली आला असं कळलं की स्वतः जिना उतरतात. लोकांच्या घरी जातात, खाटेवरच्या माणसाला नावानं हाक मारून पाहतात. झोपेच्या गोळ्या घेतात असंही ऐकलं. मी एकदा गोपिकाला म्हटलं, "वहिनी, सुधारला तो. आता सोडा त्याले."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या पोरीबद्दल काही वाईट बोललो.

"सुधारो का मरो," ती म्हणाली. "तो रिटायर होईपर्यंत मी जाणार. सोमवारी सकाळी मले सोडून देजा तिथं."

मी दर सोमवारी तिला सोडतो. भाडं घेत नाही. ती जिना चढून वर जाते आणि मी दुसरी सवारी पाहतो.